एनएफएलमध्ये दोन संघ बरोबरीत आले की पुढे कोण जातं? टायब्रेकर स्वतः सोडवायला शिका

आयपीएल बघून तयार झालेल्या डोक्याला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, गुणतक्ता पहिल्यांदा फसवतो तो एका सवयीमुळे. दोन संघ बरोबरीत दिसले की आपण लगेच नेट रनरेट शोधतो. अमेरिकन फुटबॉलमध्येही असं काहीतरी असेल, कुणी जास्त फरकाने सामने जिंकले ते बघायचं, असं आपण धरून चालतो. गुणांचा फरक तिथल्या यादीतही आहे, पण इतका खाली की तिथपर्यंत प्रकरण सहसा पोचतच नाही. एखाद्या संघाला ४०-३ ने धुतलं काय किंवा २०-१९ ने कसंबसं हरवलं काय, तक्त्यात दोन्ही विजयांचं वजन सारखंच. महत्त्व असतं ते कुणाला हरवलं आणि तो सामना कुठल्या खात्यात मोडतो याला.

ही खाती समजली की डिसेंबरअखेरचा कुठलाही तक्ता कागद-पेन घेऊन सोडवता येतो.

आधी मांडणी

संघ ३२. एएफसी आणि एनएफसी या दोन कॉन्फरन्समध्ये प्रत्येकी १६. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये ईस्ट, नॉर्थ, साउथ, वेस्ट अशा चार डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार संघ. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. २०२० पासून प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ बाद फेरीत जातात. चार डिव्हिजनचे विजेते १ ते ४ या मानांकनावर आणि उरलेल्यांतले तीन सर्वोत्तम, म्हणजे वाइल्ड कार्डवाले, ५ ते ७ वर. पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत सुट्टी मिळते. बाकीच्यांची जोडी दोन विरुद्ध सात, तीन विरुद्ध सहा, चार विरुद्ध पाच अशी लागते आणि वरच्या मानांकनाचा संघ घरच्या मैदानावर खेळतो.

डिव्हिजनचा विजेता कितीही दुबळा असला तरी त्याचं मानांकन वाइल्ड कार्डवाल्यांच्या वरच राहतं, हे नवख्यांना पचायला वेळ लागतो. २०१० मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सने ७-९ (सात विजय, नऊ पराभव) अशा कामगिरीवर डिव्हिजन जिंकली, ११-५ कामगिरीच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना आपल्या मैदानावर खेळवलं आणि ४१-३६ असं हरवलंही.

आता एका संघाचे १७ सामने कसे पडतात ते बघा, कारण टायब्रेकरची सगळी खाती इथूनच निघतात. आपल्या डिव्हिजनमधल्या तिघांशी दोन-दोन, म्हणजे सहा सामने. आपल्याच कॉन्फरन्समधल्या एका पूर्ण डिव्हिजनशी चार. समोरच्या कॉन्फरन्समधल्या एका डिव्हिजनशी चार. उरलेले तीन सामने मागच्या वर्षी आपल्याइतकाच क्रमांक मिळवलेल्या संघांशी, त्यातले दोन आपल्या कॉन्फरन्समधले आणि एक समोरच्या. बेरीज केली तर कॉन्फरन्सचे सामने १२ आणि बाहेरचे ५. एकाच डिव्हिजनमधल्या दोन संघांचे समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामनेही १२ भरतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा. हिशेब करताना सगळ्या सामन्यांनंतर बेरीज १२ आली नाही, तर कुठेतरी चूक झाली आहे.

पायरी १: बरोबरी खरोखर आहे का?

तुलना विजयांच्या संख्येवर होत नाही, टक्केवारीवर होते. अनिर्णित सामना अर्धा विजय आणि अर्धा पराभव धरतात. सूत्र सोपं आहे: विजय अधिक अनिर्णित सामन्यांचा अर्धा, भागिले एकूण सामने. ९-७-१ (नऊ विजय, सात पराभव, एक अनिर्णित) म्हणजे ९.५ भागिले १७, म्हणजे ०.५५९. ९-८ म्हणजे ०.५२९. दोघांचे विजय नऊच असले तरी इथे बरोबरी नाही आणि टायब्रेकरचा प्रश्नच येत नाही.

२०२१ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स याच अर्ध्या गुणावर तगले. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटशी झालेला १६-१६ सामना तेव्हा सगळ्यांना नामुष्की वाटला होता. शेवटी ९-८ च्या लॉस एंजलिस चार्जर्सपेक्षा त्यांना वर ठेवलं ते त्याच सामन्याने. त्या मोसमाच्या अखेरच्या रात्री, ९ जानेवारी २०२२ ला, चार्जर्स आणि लास वेगास रेडर्स यांचा सामना बरोबरीत सुटला असता तर ते दोघंही ९-७-१ वर आले असते, आणि दोघांनीही त्या मोसमात स्टीलर्सना हरवलेलं होतं. म्हणजे दोघं आत, स्टीलर्स घरी. रेडर्सनी जादा वेळेत ३५-३२ असा सामना जिंकला आणि बाहेर पडले ते चार्जर्स.

पायरी २: आधी डिव्हिजन, मग वाइल्ड कार्ड

हा क्रम उलटा केला की पुढचा सगळा हिशेब वाया जातो. आधी चारही डिव्हिजनचे विजेते ठरवून बाजूला काढा. मग त्या चौघांचा आपापसातला क्रम लावा. त्यानंतरच वाइल्ड कार्डला हात घाला. कारण डिव्हिजनची यादी वेगळी आहे आणि वाइल्ड कार्डची वेगळी.

डिव्हिजनमधली बरोबरी या क्रमाने सोडवतात: आमनेसामनेचे सामने, डिव्हिजनमधली कामगिरी, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, कॉन्फरन्समधली कामगिरी, हरवलेल्या संघांची ताकद, एकूण वेळापत्रकाची ताकद (म्हणजे सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी). त्यानंतर मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या क्रमांकांची बेरीज, आधी कॉन्फरन्सपुरती आणि मग सगळ्या लीगमध्ये. मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचा गुणफरक, सगळ्या सामन्यांतला गुणफरक, टचडाउनमधला फरक आणि शेवटी नाणेफेक.

वाइल्ड कार्डसाठी, संघ वेगवेगळ्या डिव्हिजनमधले असतील तर: आमनेसामने, खेळले असतील तरच; कॉन्फरन्समधली कामगिरी; समान प्रतिस्पर्धी, पण किमान चार सामने असतील तरच; हरवलेल्या संघांची ताकद; वेळापत्रकाची ताकद; पुढे तशीच गुणांच्या क्रमांकांची आणि फरकांची रांग, शेवटी नाणेफेक. डिव्हिजन विजेत्यांमधला १ ते ४ चा क्रमही याच दुसऱ्या यादीने लागतो.

दोन याद्यांमध्ये समान प्रतिस्पर्धी आणि कॉन्फरन्स यांची अदलाबदल का, हे समजलं की पाठ करावं लागत नाही. एकाच डिव्हिजनमधल्या दोन संघांचं वेळापत्रक जवळजवळ सारखं असतं, त्यामुळे समान प्रतिस्पर्ध्यांची तुलना तिथे भक्कम असते. वेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांचे समान सामने जेमतेम चार-सहा निघतात. म्हणून तिथे १२ सामन्यांची कॉन्फरन्सची कामगिरी आधी बघतात.

पायरी ३: एक पूर्ण तक्ता सोडवू

२०२३ मोसमातली एनएफसी ही सरावासाठी सोन्यासारखी आहे. तीन डिव्हिजन विजेते १२-५ वर आणि चार संघ ९-८ वर, म्हणजे बहुतेक सगळे नियम एकाच तक्त्यात वापरावे लागतात.

साउथ डिव्हिजनपासून सुरुवात. टँपा बे बकानिअर्स ९-८, सेंट्स ९-८. आमनेसामने १-१. डिव्हिजनमध्ये दोघंही ४-२. तिसरी पायरी समान प्रतिस्पर्धी. दोघांनी पँथर्सना दोनदा हरवलं आणि फाल्कन्सशी १-१ केलं, म्हणजे इथेही ३-१ सारखंच. एएफसी साउथच्या चौघांशी दोघंही २-२. फरक पडला तो एनएफसी नॉर्थशी. टँपा बे ३-१, सेंट्स १-३. एकूण ८-४ विरुद्ध ६-६. डिव्हिजन टँपा बेची.

आता विजेत्यांचा क्रम. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, डॅलस काउबॉइज आणि डेट्रॉइट लायन्स तिघंही १२-५, टँपा बे ९-८ सह सरळ चौथे. फोर्टीनाइनर्सनी डॅलसला ४२-१० ने हरवलं होतं, डॅलसने डेट्रॉइटला २०-१९ ने, पण सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉइट एकमेकांशी खेळलेच नव्हते. इथे तीन संघांचा खास नियम येतो: वेगवेगळ्या डिव्हिजनच्या तीन किंवा जास्त संघांत आमनेसामनेचा निकाल तेव्हाच धरतात, जेव्हा एकाने बाकी सगळ्यांना हरवलेलं असतं किंवा एक जण बाकी सगळ्यांकडून हरलेला असतो. अर्धवट निकाल चालत नाही. म्हणून थेट कॉन्फरन्सच्या कामगिरीकडे गेले: सॅन फ्रान्सिस्को १०-२, डॅलस ९-३, डेट्रॉइट ८-४. पहिलं मानांकन सॅन फ्रान्सिस्कोला.

मग डॅलस आणि डेट्रॉइट. कॉन्फरन्सची कामगिरी नुकतीच समोर आली आहे, ९-३ वि. ८-४, म्हणून डॅलस दुसरा, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर येतं, पण रीत चुकते. एक संघ निघाला की उरलेल्यांसाठी पहिल्या पायरीवर परत यायचं. दोघंच उरले, दोघं खेळले होते, २०-१९. डॅलस दुसरा तो या सामन्यामुळे. ३० डिसेंबर २०२३ च्या त्या सामन्यात डेट्रॉइटचा दोन गुणांचा प्रयत्न पंचांनी रद्द केल्यावरून बराच गदारोळ झाला होता, आणि त्या एका निर्णयावर दुसरं-तिसरं मानांकन फिरलं.

वाइल्ड कार्ड. फिलाडेल्फिया ईगल्स ११-६ पाचवे, लॉस एंजलिस रॅम्स १०-७ सहावे, इथे वादच नाही. सातव्या जागेसाठी तीन संघ ९-८ वर: ग्रीन बे पॅकर्स, सीहॉक्स आणि डिव्हिजन हुकलेले सेंट्स. तिघं तीन वेगळ्या डिव्हिजनचे, त्यामुळे आधी डिव्हिजनमधला कुणी गाळायची गरज नाही. ग्रीन बेने सेंट्सना १८-१७ ने हरवलं होतं, पण सीहॉक्स या दोघांपैकी कुणाशीच खेळले नव्हते. म्हणजे आमनेसामने बाद. कॉन्फरन्समध्ये ग्रीन बे ७-५, सीहॉक्स ७-५, सेंट्स ६-६. सेंट्स गेले.

दोन उरले, परत पहिल्या पायरीवर. आमनेसामने सामना नाही. कॉन्फरन्स ७-५ सारखीच. समान प्रतिस्पर्धी पाच निघतात: रॅम्स, लायन्स, पँथर्स, जायंट्स, स्टीलर्स. ग्रीन बे लायन्सशी दोनदा खेळलं, सीहॉक्स रॅम्सशी दोनदा, म्हणून दोघांचे सहा-सहा सामने. चारची अट पूर्ण. ग्रीन बे: रॅम्स विजय, लायन्स १-१, पँथर्स विजय, जायंट्स आणि स्टीलर्सकडून हार, म्हणजे ३-३. सीहॉक्स: रॅम्सकडून दोनदा हार, लायन्स, पँथर्स आणि जायंट्सवर विजय, स्टीलर्सकडून हार. तेही ३-३!

आता चौथी पायरी, हरवलेल्या संघांची ताकद. तुम्ही ज्या ज्या संघाला हरवलं त्यांच्या मोसमभराच्या विजयांची बेरीज करायची आणि त्यांच्या एकूण सामन्यांनी भागायचं. एखाद्याला दोनदा हरवलं असेल तर तो दोनदा धरायचा. नऊ विजय गुणिले १७, म्हणजे छेद १५३.

ग्रीन बेचे बळी: बेअर्स ७ आणि पुन्हा ७, सेंट्स ९, रॅम्स १०, चार्जर्स ५, लायन्स १२, चीफ्स ११, पँथर्स २, व्हायकिंग्ज ७. बेरीज ७०. भागिले १५३, ०.४५८.

सीहॉक्सचे: लायन्स १२, पँथर्स २, जायंट्स ६, कार्डिनल्स ४ आणि पुन्हा ४, ब्राउन्स ११, कमांडर्स ४, ईगल्स ११, टायटन्स ६. बेरीज ६०. भागिले १५३, ०.३९२.

सातवी जागा ग्रीन बेला. सीहॉक्सना कार्डिनल्सवरचे दोन विजय इथे महाग पडले, कारण जिंकताना सोपा वाटणारा प्रतिस्पर्धी या खात्यात ओझं होतो. अशा गणिताने आत आलेल्या ग्रीन बेने पुढच्याच आठवड्यात दोन नंबरच्या डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ ने हरवलं. सातव्या मानांकनाच्या संघाने बाद फेरीचा सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पायरी ४: शेवटच्या दिवशी ‘जर-तर’ लिहून ठेवा

सामने सुरू होण्याआधी निकालांच्या शक्यता कागदावर मांडल्या की बघायला खरी मजा येते. त्याच ७ जानेवारी २०२४ चं उदाहरण घ्या. ग्रीन बे जिंकलं की विषय संपला. ग्रीन बे हरलं आणि सीहॉक्स जिंकले, तर सेंट्स जिंकूनही उपयोग नाही, कारण कॉन्फरन्समध्ये ७-५ विरुद्ध ६-६. ग्रीन बे आणि सीहॉक्स दोघंही हरले आणि सेंट्स जिंकले, तरच सेंट्सना सातवी जागा, किंवा टँपा बे हरून डिव्हिजनच त्यांच्याकडे. झालं असं की टँपा बे, ग्रीन बे, सीहॉक्स आणि सेंट्स चौघांनीही आपापले सामने जिंकले. सेंट्सनी फाल्कन्सना ४८-१७ असं झोडपलं, पण त्या ३१ गुणांच्या फरकाला इथे काडीची किंमत नव्हती.

अशा यादीतून कुठला सामना कुणासाठी निरर्थक होणार तेही कळतं. २०२२ च्या अखेरच्या रविवारी सीहॉक्सनी दुपारी रॅम्सना जादा वेळेत १९-१६ ने हरवलं आणि रात्री ग्रीन बेशी खेळायला उतरण्याआधीच डेट्रॉइट बाहेर पडलं, कारण चौथ्या आठवड्यात ते सीहॉक्सकडून ४८-४५ ने हरले होते. तरीही ते खेळले, २०-१६ ने जिंकले आणि ग्रीन बेला सोबत घेऊन घरी गेले.

भारतातून बघत असाल तर वेळेचा हिशेब असा: जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी एकचा सामना आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकराला, ४:२५ चा पहाटे २:५५ ला आणि रात्री ८:२० चा सोमवारी सकाळी ६:५० ला. ऑफिसला निघण्याआधी शेवटचा तुकडा जुळतो. २०१० पासून अखेरच्या आठवड्यातले सगळे सामने डिव्हिजनअंतर्गतच ठेवतात, त्यामुळे आमनेसामने आणि डिव्हिजनची कामगिरी ही दोन खाती शेवटच्या शिट्टीपर्यंत उघडी असू शकतात.

लोक कुठे चुकतात

सगळ्यात जास्त चूक होते ती तीन संघांच्या बरोबरीत. तिघं एकाच डिव्हिजनचे असतील तर आमनेसामने म्हणजे त्या तिघांमधल्या सगळ्या सामन्यांची टक्केवारी. वेगळ्या डिव्हिजनचे असतील तर मात्र वर सांगितलेला ‘सगळ्यांना हरवलं किंवा सगळ्यांकडून हरलं’ हा नियम. नाव एकच असल्याने गोंधळ होतो.

दुसरी चूक: वाइल्ड कार्डच्या बरोबरीत एकाच डिव्हिजनचे दोन संघ असताना त्यांना एकदमच भांड्यात टाकणं. आधी डिव्हिजनच्या यादीने त्या दोघांतला वरचा ठरवायचा आणि फक्त तोच पुढे पाठवायचा. पहिली जागा भरली की खालचा त्याच्या जागी येतो आणि प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. डिव्हिजनमधला तो क्रम मात्र एकदा लागला की पुढे बदलत नाही.

तिसरी, मोसमाच्या मधल्या तक्त्यावर विश्वास ठेवणं. दहाव्या आठवड्यात दिसणारा टायब्रेकर तोवर झालेल्या सामन्यांवरचा असतो. चौदाव्या-पंधराव्या आठवड्याआधी त्यावर वेळ घालवू नका. हरवलेल्या संघांची ताकद तर तुम्ही न खेळताही हलते. २०२४ मध्ये रॅम्स आणि सीहॉक्स दोघंही १०-७, आमनेसामने १-१, डिव्हिजनमध्ये ४-२, समान प्रतिस्पर्ध्यांशी ७-५, कॉन्फरन्समध्ये ६-६, सगळं सारखं. शेवटी याच ताकदीवर आलं: रॅम्स ७५ भागिले १७० आणि सीहॉक्स ७२ भागिले १७०, म्हणजे ०.४४१ विरुद्ध ०.४२४. रॅम्सची डिव्हिजन सतराव्या आठवड्यातच पक्की झाली होती, तीही ते स्वतः मैदानात नसताना: रविवारी रात्री वॉशिंग्टनने अटलांटाला हरवलं आणि सीहॉक्सच्या बळींपैकी एकाचं वजन कमी झालं. सीहॉक्सनी अखेरच्या आठवड्यात रॅम्सना ३०-२५ ने हरवूनही ते बाहेरच राहिले.

आणि टक्केवारी चांगली म्हणजे जागा पक्की, हे डोक्यातून काढून टाका. २००८ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रिअट्स ११-५ होते, मायामी डॉल्फिन्सही ११-५. आमनेसामने १-१, डिव्हिजन ४-२, समान प्रतिस्पर्ध्यांतही फरक नाही. कॉन्फरन्समध्ये मायामी ८-४, न्यू इंग्लंड ७-५, डिव्हिजन मायामीची. तेव्हा वाइल्ड कार्डच्या दोनच जागा होत्या. एक १२-४ च्या इंडियानापोलिसला गेली, दुसरी ११-५ च्या बॉल्टिमोरला, त्याच ८-४ विरुद्ध ७-५ वर. अकरा सामने जिंकलेले पॅट्रिअट्स घरी बसले आणि त्याच वर्षी, त्याच कॉन्फरन्समध्ये सॅन दिएगो चार्जर्स ८-८ वर डिव्हिजन जिंकून आत गेले. डेन्व्हरही ८-८ च होतं, पण डिव्हिजनमध्ये चार्जर्स ५-१ आणि डेन्व्हर ३-३.